पोटातल्या जंतांची वंशावळ

दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास शाळांत आणि अंगणवाड्यांत जंताची गोळी देतात. 2015 पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू आहे. 1 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची चघळायची गोळी मिळते, दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी. आणि दर वेळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच चर्चा रंगते. सहा महिन्यांपूर्वीच दिली होती, परत कशाला? आमच्या घरात स्वच्छता आहे, आम्हाला गरज काय?

गेल्या खेपेला शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अगं, तू प्राणिशास्त्र शिकवतेस ना? मग सांग, एवढी वर्षं गोळ्या वाटताहेत तरी जंत संपत कसे नाहीत? आणि जंत तर कितीतरी प्रकारचे, मग सगळ्यांना एकच गोळी कशी चालते?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेच जण देतात. दुसरा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर जंतांच्या वंशावळीत आहे. ती वंशावळ नीट समजायला माणसाला खूप काळ लागला, आणि ती कळली की गोळीचं गणितही उलगडतं.

पाटील आणि जंत

आपल्याकडे गावोगाव पाटील आहेत. कोल्हापूरकडच्या गावातले पाटील आणि जळगावकडच्या गावातले पाटील एकमेकांचे भाऊबंद असतील का? असतीलच असं नाही. पाटील हा मुळात हुद्दा. ज्या घराकडे गावची पाटीलकी आली, ते घर पाटील झालं. आडनाव एक असलं तरी रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही.

'जंत' हा शब्द असाच आहे. दुसऱ्याच्या पोटात राहायचं, त्याचं अन्न किंवा रक्त घ्यायचं आणि अंडी बाहेर पाठवायची, हे काम जो लांबुळका जीव करतो त्याला आपण जंत म्हणतो. म्हणजे ते कामाचं नाव झालं. ते काम वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळी स्वतंत्रपणे पत्करलं.

या लेखात मी फक्त गोल जंतांबद्दल बोलणार आहे. पट्टीसारखे चपटे जंत हा सर्वस्वी निराळा गट आहे, तो इथे बाजूला ठेवू. गोल जंतांचं अंग दोऱ्यासारखं, आडवं कापलं तर गोल आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. शास्त्रात या मोठ्या गटाला नेमॅटोडा म्हणतात. मराठीत त्यांना गोलकृमी म्हणतात आणि शेतीतले लोक सूत्रकृमी. डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमी शेतकऱ्यांना चांगलीच माहीत आहे. तीही याच गटातली. या गटाच्या पंचवीस हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि न नोंदलेल्या त्याहून कितीतरी जास्त असाव्यात. त्यातल्या पुष्कळशा कोणाच्या पोटात राहत नाहीत. त्या मातीत, चिखलात, समुद्राच्या तळाशी जिवाणू खाऊन आपलं आयुष्य काढतात.

पूर्वी वर्गवारी कशी करायचे

चरकसंहितेत वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत. त्यांचे गट पाडले आहेत ते कुठून उपजतात यावरून: बाहेरच्या मळातून, रक्तातून, कफातून आणि विष्ठेतून. कफातून होणाऱ्या कृमींच्या कारणांत दूध, गूळ, तीळ, मासे यांचा उल्लेख येतो. 'गोड खाल्लं की जंत होतात' हे आपल्या घरोघरीचं वाक्य किती जुन्या विचारातून आलं असेल, याचा यावरून अंदाज येतो. बाळाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी देण्याची चालही त्याच परंपरेतली. त्या काळी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून इतकी बारीक विभागणी केली, याबद्दल मला आदरच वाटतो. पण 'कुठे राहतो' यावरून केलेली विभागणी म्हणजे मतदारयादी. एका पत्त्यावर कोण कोण राहतं ते तिच्यातून कळतं, त्यांचं मूळ गाव आणि मूळ पुरुष कळत नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. माणसाच्या पोटातला मोठा गोल जंत हा गांडुळाचाच प्रकार, असं तिकडे शतकानुशतकं मानत. 1683 मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसनने तो जंत फाडून आतली रचना दाखवली आणि हा गांडूळ नाही हे सिद्ध केलं. तरीही 1758 मध्ये स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने त्याला अ‍ॅस्कॅरिस लुंब्रिकॉइडीस हे नाव दिलं, त्यातल्या लुंब्रिकॉइडीसचा अर्थ 'गांडुळासारखा'. गांडूळ, जळू, गोगलगाय आणि जंत या सगळ्यांना त्याने 'कृमी' नावाच्या एकाच पोत्यात भरलं होतं.

पुढे विसाव्या शतकात गोलकृमींचे दोन मोठे गट पाडले गेले. कसोटी होती शेपटाजवळच्या दोन सूक्ष्म संवेदना-छिद्रांची. ज्यांना ती आहेत ते एका गटात, ज्यांना नाहीत ते दुसऱ्या गटात. पाठ्यपुस्तकांत हीच विभागणी वर्षानुवर्षं होती, मीही तीच घोकून परीक्षा दिली. त्यात मोठी अडचण होती. 'अमुक अवयव नाही' यावरून गट करणं म्हणजे गावातल्या चष्मा नसलेल्या सगळ्यांना एका घरातले समजणं.

मेणाच्या पाटीवरचा जंत

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला अ‍ॅस्कॅरिसचं विच्छेदन होतं. डुकरांच्या आतड्यातून काढलेले जंत फॉर्मॅलिनच्या बरणीत असायचे. मळकट पांढरे, टाचणीच्या डोक्याहून जाड, वीतभर आणि काही त्याहून लांब. मेणाच्या पाटीवर तो आडवा ठेवला, दोन टोकांना टाचण्या लावल्या आणि कात्रीचं टोक हलकेच आत घातलं. कातडं चिवट होतं, पातळ रबराच्या नळीसारखं. ते उघडलं आणि आतून पांढऱ्या दोऱ्यांचं गुंतवळ बाहेर आलं. आतडं मधोमध एक चपटी, रिकामी पट्टी. बाकी सगळी जागा त्या दोऱ्यांनी व्यापलेली. बाई म्हणाल्या, "हे सगळं अंडाशय आणि गर्भाशय आहे. उरलेला जंत त्याला सांभाळण्यापुरता." एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते हे वाचलं होतं, पण ते दोरे चिमट्याने सोडवताना त्याचा अर्थ कळला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, जंताच्या अंगावर तशी खंडं नव्हती. गांडुळाला आडवे आणि उभे असे दोन्ही स्नायू असतात, म्हणून ते आखडत-पसरत चालतं. जंताला फक्त उभे स्नायू. त्यामुळे तो नागमोडी वळवळतो. आतड्यातला मोठा गोल जंत कशालाही धरून बसत नाही. अन्न खाली सरकत असतं आणि तो उलट दिशेने अंग वळवत जागा राखून असतो. वयात आलेला जंत वर्ष-दोन वर्षं हेच करतो.

मग गांडूळ नाही, तर जवळचा नातेवाईक कोण? 1997 मध्ये जनुकांच्या तुलनेवरून एक मोठा धक्का देणारी मांडणी पुढे आली: कात टाकणारे सगळे प्राणी एका मूळ शाखेतले. गोलकृमी आयुष्यात चार वेळा कात टाकतात. झुरळ, कोळी, खेकडा, नाकतोडा हेही कात टाकतात. म्हणजे नात्याने जंत गांडुळापेक्षा झुरळाला जवळचा. दिसण्यावर विसंबलो तर हे कधीच सुचलं नसतं.

हेळव्याची वही

दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवी येतात. त्यांच्या वह्यांत घराण्यांची वंशावळ लिहिलेली असते: आजा, पणजा, खापरपणजा, कोण कुठून आलं, कुठली शाखा कधी फुटली. आपल्याला विसर पडलेली नाती त्या वहीत सापडतात.

जंतांच्या बाबतीत ही वही म्हणजे त्यांचा डीएनए. डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत असलेला, आईबापांकडून उतरत आलेला मजकूर. नक्कल करताना अधूनमधून अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. ज्या दोन जातींत सारख्या चुका जास्त, त्यांचा पूर्वज जवळचा.

1998 मध्ये एडिंबरोच्या मार्क ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक गोलकृमींच्या एकाच जनुकाची अशी तुलना करून वंशवृक्ष मांडला. त्यात पाच मोठ्या शाखा निघाल्या. त्यांतल्या चार शाखांमध्ये सस्तन प्राण्यांच्या पोटातले जंत विखुरलेले आहेत.

पहिल्या शाखेत चाबूककृमी. याचं पुढचं अंग केसासारखं बारीक, मागचं जाड, अगदी चाबकासारखं. बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिवल्यासारखं घुसवून तो राहतो. बाकीच्या जंतांशी याचं नातं फारच दूरचं आहे.

तिसऱ्या शाखेत मोठा गोल जंत म्हणजे अ‍ॅस्कॅरिस, आणि लहान मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत. याच शाखेत हत्तीपायाचा कृमी आणि नारूसुद्धा आहे. आजीच्या पिढीने पायातून काडीवर गुंडाळत काढलेला तो नारू, ज्याच्यापासून 2000 साली भारत मुक्त जाहीर झाला, तो पोटातल्या जंताचा चुलत भाऊ निघाला.

चौथ्या शाखेत स्ट्राँगिलॉइडीस नावाचा बारीक जंत आहे. त्याचे शेजारी कोण, तर डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमी, आणि उसातल्या हुमणीला मारण्यासाठी शेतात सोडतात त्या मित्र-सूत्रकृमींतल्या काही.

पाचव्या शाखेत अंकुशकृमी. हे आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून रक्त पितात. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमाँकस हा त्यांचाच जवळचा नातेवाईक. आणि याच शाखेत एक निरुपद्रवी, एक मिलिमीटरचा, मातीत जिवाणू खाऊन राहणारा कृमी आहे, सी. एलेगन्स. जगभरच्या प्रयोगशाळांचा हा लाडका प्राणी. बहुपेशीय प्राण्यांत ज्याचा पूर्ण डीएनए सर्वांत आधी वाचला गेला तो हाच, 1998 मध्ये.

थोडं थांबून या यादीकडे बघा. अंकुशकृमीचं नातं त्याच पोटात राहणाऱ्या चाबूककृमीपेक्षा मातीतल्या सी. एलेगन्सशी कितीतरी जवळचं आहे. एका पत्त्यावर राहणारे हे चार भाडेकरू चार वेगवेगळ्या गावांहून आलेले आहेत. प्राण्यांच्या अंगात राहण्याचा मार्ग गोलकृमींनी किमान चार वेळा स्वतंत्रपणे शोधला, असं 1998 च्या मांडणीने सांगितलं. पुढच्या अभ्यासांत किडे-कीटकांतल्या आणि वनस्पतींवर जगणाऱ्या कृमींचीही भर पडली आणि हा आकडा किमान पंधरापर्यंत गेला.

मातीतला जीव पोटात कसा शिरला

इतक्या वेळा हे घडलं म्हणजे गोलकृमींकडे काही तयारी आधीपासून असली पाहिजे. ती तयारी सी. एलेगन्समध्ये स्पष्ट दिसते.

अन्न संपलं, गर्दी झाली की याचं पिल्लू वाढीच्या तिसऱ्या टप्प्यावर वेगळंच रूप घेतं. तोंड बंद, कातडं जाड, खाणं पूर्ण थांबलेलं. एरवी दोन-तीन आठवड्यांत संपणारं आयुष्य या रूपात महिनोन्‌महिने लांबतं. मग ते अंग उभं करून हलत राहतं आणि जवळून जाणाऱ्या किड्याला, गोगलगायीला चिकटून नव्या जागी पोहोचतं.

आता अंकुशकृमीचं पिल्लू पाहा. तेही तिसऱ्या टप्प्यावर खाणं थांबवतं, ओलसर मातीत वाट पाहत राहतं आणि अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतं. शिदोरी तीच, प्रवास बदलला. (हे कातडीतून शिरणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये आर्थर लूस या संशोधकाच्या लक्षात आलं. काम करताना पिल्लं असलेलं पाणी त्याच्याच हातावर सांडलं होतं.)

मधल्या पायऱ्याही आज जिवंत आहेत. काही कृमी भुंग्याच्या अंगावर नुसते बसून राहतात, तो मेला की त्याच्या देहावर वाढणारे जिवाणू खातात. काही जण किड्याला स्वतःच मारतात. स्ट्राँगिलॉइडीस तर दोन्ही घरं राखून आहे: एक पिढी माणसाच्या आतड्यात आणि जमलं तर पुढची मातीत, स्वतंत्र. आतडं म्हणजे तरी काय? अंधार, ऊब, कमी प्राणवायू आणि जिवाणूंची रेलचेल. कुजत्या शेणात सुखाने राहणाऱ्याला ते फारसं परकं नाही. अडचण दोनच, पाचक रस आणि शरीराची प्रतिकारशक्ती. अ‍ॅस्कॅरिसने पाचक रस निकामी करणारी स्वतःची प्रथिनं तयार केली आहेत.

किती जुनं नातं

जंताला हाडं नाहीत, म्हणून त्याचे अवशेष सहसा उरत नाहीत. पण अंड्यांची कवचं चिवट असतात आणि विष्ठा दगड होऊन टिकते. ब्राझीलमध्ये सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली विष्ठा सापडली. ती होती सायनोडाँट नावाच्या प्राण्यांची, म्हणजे ज्या गटातून पुढे सस्तन प्राणी आले त्याची. 2014 मध्ये त्या विष्ठेतून सुतासारख्या जंतांच्या आणि अ‍ॅस्कॅरिसच्या घराण्यातल्या अंड्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. सस्तन प्राणी पुरते घडण्याआधीच त्यांचे जंत घडत होते.

आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या, ओत्झीच्या, आतड्यात चाबूककृमीची अंडी होती. सुतासारख्या जंतांची आपली आणि चिंपांझीची जात वेगवेगळी आहे, पण जवळची. माकडं आणि त्यांचे हे जंत जोडीजोडीने वेगळे होत गेले असावेत, असं 1929 पासून सुचवलं गेलं आहे.

अंकुशकृमीने तर इतिहासाच्या एका वादात साक्ष दिली. ब्राझीलमधल्या सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत त्याची अंडी मिळाली. या कृमीच्या पिल्लांना उबदार माती लागते. माणसं फक्त सैबेरिया आणि अलास्काच्या गोठलेल्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या चालत अमेरिकेत गेली असती, तर हा कृमी वाटेतच संपला असता. म्हणून काही जण समुद्रमार्गे किंवा किनाऱ्याने लवकर पोहोचले असावेत, असा युक्तिवाद केला जातो. वाद मिटलेला नाही, पण एका जंताच्या अंड्यातून एवढा प्रश्न उभा राहावा याचं मला अजून नवल वाटतं.

डुकराकडून आपल्याला, की आपल्याकडून डुकराला?

विच्छेदनाला आम्ही डुकराचा जंत वापरायचो, आणि पुस्तकातलं चित्र माणसाच्या जंताचं असायचं. चालून जायचं, कारण दोन्ही जवळजवळ सारखे. त्यांची नावं मात्र दोन आहेत: माणसातला अ‍ॅस्कॅरिस लुंब्रिकॉइडीस, डुकरातला अ‍ॅस्कॅरिस सुअम. माणसाने डुकरं पाळली तेव्हा तिकडून हा जंत आपल्यात आला, असं पुष्कळ काळ गृहीत धरलं होतं. उलटंही शक्य आहे.

डीएनए वाचल्यावर चित्र गुंतागुंतीचं निघालं. ग्वाटेमाला आणि चीनमध्ये दोन्हींचा संकर झालेला आढळला. केनियातल्या गावांत माणसांच्या पोटातून मिळालेल्या जंतांच्या पूर्ण डीएनएमध्ये दोन्हीकडचा मजकूर मिसळलेला दिसला, तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये माणसांत हा जंत एरवी जवळपास नाही. तिथल्या रुग्णांत सापडलेले जंत डुकराकडून आलेले निघाले.

नाव एक ठेवायचं की दोन, यावर तज्ज्ञ भांडतात. माझ्या मते व्यवहाराचा मुद्दा वेगळा आहे. जिथे डुक्कर आणि माणूस एकाच परसात वावरतात, तिथे फक्त माणसांना गोळी देऊन काम पुरं होणार नाही.

आडवळणाचा प्रवास

अ‍ॅस्कॅरिसचं अंडं पोटात गेलं की पिल्लू आतड्यात बाहेर पडतं. तिथेच राहायचं असताना ते आतड्याची भिंत भेदून यकृतात, तिथून रक्तातून फुप्फुसात जातं, श्वासनलिकेतून घशाशी चढतं, गिळलं जातं आणि पुन्हा त्याच आतड्यात येतं. 1922 मध्ये जपानच्या कोइनो या डॉक्टरने स्वतः अंडी गिळून हा प्रवास सिद्ध केला. त्याच्या थुंकीत पिल्लं सापडली. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पूर्वज कातडीतून शिरत असतील आणि जुनी वाट सुटली नसेल, असं एक मत. शरीरात हिंडून आलेली पिल्लं जास्त मोठी होतात आणि मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून ही वाट टिकली, असं दुसरं. मला दुसरं जास्त पटतं.

याच घराण्यातला एक जंत म्हशीच्या गोठ्यात आहे, आणि त्याची युक्ती मला सगळ्यांत विलक्षण वाटते. मामाच्या गोठ्यात एका उन्हाळ्यात तीन आठवड्यांचं रेडकू होतं. दूध भरपूर पीत होतं तरी अंग धरत नव्हतं. केस राठ, पोट डेऱ्यासारखं, शेण मातकट आणि घाण वासाचं. गुरांच्या डॉक्टरांनी तोंडातून औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी मामीने मला हाक मारून दाखवलं: शेणात पांढऱ्या जंतांची जुडीच्या जुडी, काही वीतभराहून लांब. जेमतेम तीन आठवड्यांच्या, फक्त दूध पिणाऱ्या जिवात एवढे मोठे जंत आले कुठून?

दुधातूनच. टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम हे त्याचं नाव. चरताना म्हशीच्या पोटात अंडी जातात, पण तिच्या आतड्यात जंत वाढत नाहीत. पिल्लं तिच्या अंगात झोपून राहतात. ती व्याली की जागी होतात, कासेत उतरतात आणि चिकाबरोबर, दुधाबरोबर रेडकाच्या पोटात जातात. दूध पाजणं हे सस्तन प्राण्यांचं वैशिष्ट्य. त्या वैशिष्ट्याचाच या जंताने रस्ता केला. म्हणून रेडकू दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताचं औषध द्यायला सांगतात. तोवर जंत अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात.

वाट चुकली तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. कुत्र्याच्या टॉक्सोकॅराचं अंडं मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात गेलं, तर पिल्लाला ओळखीच्या खुणा सापडत नाहीत. ते यकृतात, कधी डोळ्यात भटकत राहतं. मोठं होत नाही, पण इजा करतं. पाळलेल्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यायचं ते यासाठीही.

मग एकच गोळी सगळ्यांना कशी?

आता काकूंचा प्रश्न. पेशीच्या आत घराच्या वाशांसारखे सूक्ष्म आधार असतात. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या त्या वाशांच्या प्रथिनाला चिकटतं. वासे उभे राहत नाहीत, जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. हे प्रथिन सगळ्याच शाखांत थोड्याफार फरकाने तेच आहे, म्हणून एक गोळी अनेकांवर चालते. आपल्या पेशींतही ते आहे, पण आपल्या प्रथिनाला औषध नीट चिकटत नाही.

'चालते' याचा अर्थ सारखीच चालते असा मात्र नाही. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून 2008 मध्ये काढलेले आकडे असे आहेत: एका मात्रेत मोठ्या गोल जंताचे सुमारे 88 टक्के रुग्ण पूर्ण मोकळे होतात, अंकुशकृमीचे 72 टक्के आणि चाबूककृमीचे फक्त 28 टक्के. वंशावळीत सर्वांत लांब बसलेला आणि आतड्याच्या अस्तरात शिवून घेतलेला चाबूककृमीच गोळीला सर्वांत कमी दाद देतो. त्याचं सगळं श्रेय वंशाला देणं घाईचं होईल, त्याची राहण्याची जागाही कारण असू शकते. पण 'जंत' हा एकच शत्रू समजून आखलेली मोहीम कुठे अपुरी पडते, ते इथे दिसतं.

आणि औषध निकामी झालं तर?

ही भीती खरी आहे. अल्बेंडाझोलच्या घराण्यातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, 1961 मध्ये बाजारात आलं. 1964 पर्यंत मेंढ्यांतल्या हिमाँकसमध्ये त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले. वाशांच्या प्रथिनात 200 व्या जागी एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, बदललं की औषध चिकटत नाही, इतकी साधी गोष्ट. अंकुशकृमी हिमाँकसच्याच शाखेतले आहेत, आणि अमेरिकेत कुत्र्यांच्या अंकुशकृमींमध्ये औषधाला दाद न देण्याचा प्रकार दिसू लागला आहे. मेंढीत जे घडलं ते माणसाच्या जंतात घडणारच नाही असं समजायला आधार नाही.

मेंढपाळांसाठी यावर दक्षिण आफ्रिकेत एक पद्धत निघाली. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग तक्त्याशी ताडायचा. लालभडक असेल तर औषध नको, फिकट पांढरी असेल तरच द्यायचं. सरसकट कळपाला औषध पाजलं तर फक्त औषधाला पुरून उरणारे जंत मागे राहतात. काही जनावरं बिनऔषधाची ठेवली की साधे जंतही टिकतात आणि हट्टी जंतांचं एकट्याचं राज्य होत नाही. मुलांच्या बाबतीत असं कोणाला तसंच ठेवता येणार नाही हे उघड आहे. म्हणून गोळीबरोबर तपासणी चालू ठेवणं आणि शौचालयं वापरात आणणं यावर भर द्यावा लागेल.

गोड, स्वच्छता आणि 'थोडे जंत बरे'

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. जंत अंड्यातून किंवा पिल्लातूनच येतो. मोठ्या गोल जंताचं अंडं ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतं, त्याला मातीत दोन-तीन आठवडे मुरावं लागतं. नंतर ते वर्षानुवर्षं टिकू शकतं आणि न धुतलेल्या भाजीवरून, नखांतून पोटात येतं. म्हणून गोळी घेतलेलं मूल सहा महिन्यांत पुन्हा त्याच मातीतून जंत घेऊ शकतं. परत गोळी का, याचं उत्तर हेच.

स्वच्छ घरातल्या मुलांना गरज नाही, हे अर्धंच खरं. सुतासारख्या जंतांना माती लागतच नाही. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी चिकटवते, ती काही तासांत लागण करण्याजोगी होतात आणि खाजवलेल्या बोटांतून, चादरीतून, शाळेच्या बाकावरून पसरतात. त्यात एकाच मुलाला औषध देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांना एकदम द्यावं लागतं. किती आणि कधी, ते डॉक्टरांना विचारून.

थोडे जंत असलेले बरे, हेही हल्ली ऐकू येतं. त्यामागे खरा विचार आहे. कोट्यवधी वर्षं जंतांबरोबर घडलेली आपली प्रतिकारशक्ती, ते अचानक नाहीसे झाल्यावर बिथरते का, असा तो प्रश्न. अमेरिकेत आयोवामध्ये आतड्याच्या एका दाहरोगाच्या रुग्णांना डुकराच्या चाबूककृमीची अंडी पाजून पाहिली होती, आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल आशादायक होते. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही. कांगारूंच्या पोटात दोनशेहून जास्त जातींचे गोलकृमी नोंदलेले आहेत आणि एकेका जनावरात हजारोंनी असूनही ती धडधाकट उड्या मारतात, हे खरं. पण रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींमुळे फिकट पडलेल्या मुलीला या युक्तिवादाचा काही उपयोग नाही.

आणि जंत संपत का नाहीत? काही ठिकाणी संपले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात अ‍ॅस्कॅरिस होता. शाळाशाळांतून विष्ठेची तपासणी झाली, लागण असलेल्यांना औषध दिलं गेलं आणि मानवी मैला खत म्हणून शेतात घालणं बंद होत गेलं. पाव शतकात प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "आपल्याकडे मुलांची शी तपासतात का गं शाळेत?"

आमच्या भागातल्या शाळेत अजून तरी नाही, असं मी म्हटलं.